उकडलेली अंडी सहज सोलली जावीत म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंडं नीट उकडलं, पण सोलताना टरफलाबरोबर पांढऱ्या भागाचे लचके निघाले आणि हाती खड्डे पडलेला गोळा आला, ही तक्रार अंडी उकडणाऱ्या प्रत्येकाची कधी ना कधी असतेच. मग मीठ टाका, व्हिनेगर टाका, टाचणीने भोक पाडा असे सल्ले मिळतात. त्यातल्या कशाला अर्थ आहे, कशाला नाही आणि का, ते खाली प्रश्नोत्तरांतून सांगितलं आहे. वेळा कोंबडीच्या ५० ते ६० ग्रॅमच्या अंड्यांच्या आहेत.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर कोणती?

पाणी आधी उकळा, अंडी नंतर सोडा. गार पाण्यात अंडी घालून पातेलं गॅसवर चढवलं की ती चिकटण्याची शक्यता खूप वाढते. बाकीच्या सगळ्या युक्त्या एकत्र केल्या तरी या एका बदलाइतका फरक पडत नाही.

पण अंडी गार पाण्यातच ठेवायची असतात ना? त्यात बिघडतं काय?

अंडं शिजण्यात काहीच बिघडत नाही, सोलण्यात बिघडतं. टरफलाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात. बाहेरचा टरफलाला चिकटलेला असतो आणि आतला पांढऱ्या भागाला लागून असतो. पांढऱ्या भागात सुमारे ९० टक्के पाणी असतं आणि उरलेला बहुतेक भाग प्रथिनांचा. उष्णता लागली की या प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि एकमेकांत गुंतून घट्ट होतात.

हे सगळं सावकाश घडलं, तर उलगडलेल्या प्रथिनांना शेजारच्या पापुद्र्याशी जुळायला भरपूर वेळ मिळतो. ती एकमेकांत गुंततात तशी पापुद्र्यातही गुंततात आणि मग पांढरा भाग, पापुद्रा, टरफल असं सगळं एकजीव होतं. गार पाण्यातलं अंडं नेमकं असंच तापतं, मिनिटामिनिटाला थोडं थोडं. उलट उकळत्या पाण्यात पडलेल्या अंड्याचा बाहेरचा थर झटक्यात गोठतो. त्याची प्रथिनं आपसातच आवळली जातात, थर किंचित आकसतो आणि पापुद्र्यापासून सुटा राहतो.

पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो. त्यातलं मुख्य प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, मात्र ८० अंशांच्या आसपास गोठतं. या टप्प्यातून अंड्याचा बाहेरचा थर किती वेगाने जातो, यावर सोलण्याचं बरंचसं भवितव्य ठरतं.

ताजी अंडी जास्त चिकटतात, हे खरं आहे का?

अगदी खरं आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्यामुळे त्याचा सामू (pH, म्हणजे पदार्थ किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) कमी असतो, ७.६ ते ७.९ च्या दरम्यान. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून हा वायू हळूहळू निघून जातो आणि काही दिवसांत सामू ९ च्या वर पोचतो. सामू कमी असताना पांढरा भाग पापुद्र्याला घट्ट धरून ठेवतो. साधारण ८.९ च्या पुढे गेला की पकड सैल होते.

दुसरी गोष्ट म्हणजे छिद्रांतून ओलावाही जात असतो. अंड्यातला ऐवज थोडा कमी होतो आणि रुंद टोकाशी असलेली हवेची पोकळी मोठी होते. सोलायला सुरुवात करताना बोट शिरायला तिथे आयती जागा मिळते.

काही ठिकाणी अंडी विकण्याआधी टरफलावर खाद्य तेलाचा अतिशय पातळ थर देतात. त्याने छिद्रं बुजतात, अंडं जास्त टिकतं, पण वायूही आतच अडकतो. म्हणून अशी अंडी बरेच दिवस ठेवली तरी ताज्यासारखी चिकटू शकतात. ‘अंडी तर जुनी होती, तरी चिकटली’ असं कधी झालं, तर हे कारण डोक्यात असू द्या.

मग उकडायला मुद्दाम जुनी अंडी घ्यावीत का?

फार जुनी नकोत. पांढरा भाग दिवसागणिक पातळ होतो, पिवळ्या बलकाला मध्यभागी धरून ठेवणारे दोर सैल पडतात आणि बलक एका बाजूला सरकतो. मग अंडं कापलं की एकीकडे पांढऱ्याची जाड भिंत दिसते आणि दुसरीकडे जेमतेम पडदा. हवेची पोकळी मोठी झाल्याने रुंद टोक चपटं दिसतं ते वेगळंच. माझ्या मते फ्रिजमध्ये आठवडा ते दहा दिवस राहिलेली अंडी उकडायला सर्वांत चांगली. तेवढी थांबायची सोय नसेल आणि अंडी अगदी ताजी असतील, तर ती वाफवावीत. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

अंडं किती जुनं आहे हे कळत नसेल तर ते गार पाण्याच्या भांड्यात सोडून बघा. ताजं तळाशी आडवं पडतं. काही दिवसांचं असेल तर त्याचं रुंद टोक वर उचललं जातं. बरंच जुनं तळावर उभं राहतं. तरंगलं तर वेगळ्या वाटीत फोडून वास घ्या. जरा जरी शंका आली तरी टाकून द्या.

नेमकी कृती काय?

पातेलं असं घ्या की अंडी एका थरात मावतील आणि त्यांच्यावर दोन-तीन सेंटीमीटर पाणी राहील. पाणी जास्त असलेलं बरं, कारण फ्रिजमधली गार अंडी पडली की पाण्याचं तापमान उतरतं, आणि पाणी कमी असेल तर फारच उतरतं. सहा अंड्यांना दोन लिटर पाणी पुरतं.

पाणी खळखळून उकळलं की अंडी झाऱ्यावर घेऊन एकेक करून अलगद तळाशी सोडा. वरून टाकू नका. अर्धा मिनिट आच मोठी राहू द्या, म्हणजे बाहेरचा थर पटकन गोठेल. मग आच कमी करून पाणी नुसतं हलकं उकळत ठेवा आणि झाकण घाला. घड्याळ अंडी सोडल्यापासून लावायचं, पाणी पुन्हा उकळल्यापासून नाही. पूर्ण कडक अंड्याला ११ ते १२ मिनिटं लागतात. वेळ झाली की लगेच झाऱ्याने काढून बर्फाच्या पाण्यात टाका आणि किमान दहा मिनिटं तिथेच राहू द्या.

बारा मिनिटं धोधो उकळत ठेवण्याची गरज नाही. त्याने अंडी लवकर शिजत नाहीत, फक्त एकमेकांवर आपटतात आणि पांढरा भाग वातड होतो.

फ्रिजमधलं अंडं थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर तडकणार नाही का?

क्वचित तडकतं. बहुतेक वेळा टरफलाला आधीच केसाएवढी चीर असते किंवा अंडं पातेल्याच्या तळावर आपटलेलं असतं. पोकळीतली हवा एकदम तापून फुगते, हेही एक कारण. अंडी नीट पाहून घेतली, झाऱ्याने सोडली आणि अर्ध्या मिनिटानंतर आच कमी केली, तर फारशी तडकत नाहीत. अंडी आधी बाहेर काढून ठेवली तर धोका आणखी थोडा कमी होतो, पण मग वेळ सुमारे एक मिनिटाने कमी धरा.

किती मिनिटांना बलक कसा होतो?

फ्रिजमधलं अंडं उकळत्या पाण्यात सोडल्यापासून मोजलं, तर सहा मिनिटांना पांढरा भाग धरलेला आणि बलक वाहता असतो. आठ मिनिटांना बलक कडेने घट्ट आणि मध्ये मऊ, ओलसर होतो. दहा मिनिटांना सगळा घट्ट, पण मधोमध किंचित गडद आणि ओला राहतो. बारा मिनिटांना पूर्ण फिकट आणि भुसभुशीत. त्याच्या पुढे जाऊन काही मिळत नाही, आणि पंधराच्या पुढे तर अंडं हळूहळू बिघडत जातं.

मऊ बलकाचं अंडं सोलणं कडकपेक्षा अवघड असतं, कारण पांढरा भागही नाजूक असतो. तिथे उकळत्या पाण्याचा नियम आणखी कसोशीने पाळावा लागतो.

अंड्यांत साल्मोनेला हे जिवाणू असण्याची शक्यता असते. म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना बलक पूर्ण घट्ट झालेलंच अंडं द्यावं.

उंच डोंगराळ भागात या वेळा चालतात का?

नाही, वाढवाव्या लागतात. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेलं की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. १५०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे दोन-तीन मिनिटं जास्त द्या आणि एक अंडं कापून खात्री करा.

वाफवणं उकडण्यापेक्षा चांगलं का?

सोलण्याचाच विचार केला तर होय, मला वाफवणंच जास्त भरवशाचं वाटतं. गार अंडी उकळत्या पाण्यात टाकली की पाणी काही वेळ उकळायचं थांबतं. वाफेचं तसं होत नाही. पातेल्यात दोन-तीन सेंटीमीटर पाणी, त्यावर चाळणी, पाणी जोरात उकळलं की चाळणीत अंडी आणि वर घट्ट झाकण, एवढंच करायचं. गार टरफलावर वाफ जमून तिचं पाणी होतं, आणि ते होताना ती आपला अप्रकट उष्मा टरफलाला देऊन टाकते. हा उष्मा मोठा असतो: दर ग्रॅम वाफेमागे सुमारे २२६० जूल. म्हणून अंड्याचा बाहेरचा थर फार लवकर गोठतो.

आणखी दोन फायदे आहेत. थोडं पाणी लवकर उकळतं, आणि अंडी जागची हलत नसल्याने तडकत नाहीत. कडक अंड्याला १२ ते १३ मिनिटं द्या आणि मध्ये झाकण उघडू नका. अगदी ताज्या अंड्यांसाठी तर हीच पद्धत.

प्रेशर कुकरमध्ये केलं तर?

सोलायला छान होतात. अडचण वेळेची आहे. पूर्ण दाबावर कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे एका मिनिटाची चूकही बलकावर दिसते. शिवाय वाफ आपोआप जाईपर्यंत अंडी आत शिजतच राहतात. कुकरच वापरायचा असेल, तर शिट्टी काढून ठेवा आणि त्याचा फक्त वाफवायला उपयोग करा. वेळ वर सांगितली तीच.

पाण्यात मीठ, व्हिनेगर किंवा सोडा घालायचा का?

मीठ आणि व्हिनेगर यांनी सोलणं सोपं होतं, असा अनुभव सातत्याने येत नाही. त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. एखादं अंडं तडकलं, तर बाहेर येणारा पांढरा भाग दोन्हींमुळे तिथल्या तिथे गोठतो आणि चीर बुजते. व्हिनेगर फार घातलं तर टरफलावर बुडबुडे येतात. टरफल मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि आम्लात ते विरघळायला लागतं. त्याने टरफल पातळ होतं, पण आतला पापुद्रा होता तसाच चिकटलेला राहतो.

खाण्याच्या सोड्यामागचा विचार बरोबर आहे. पाणी अल्कधर्मी केलं की पांढऱ्या भागाचा सामूही वाढेल आणि पकड सुटेल, असा तो विचार. पण दहा-बारा मिनिटांत टरफल आणि पापुद्रे ओलांडून आत पोचणारा परिणाम थोडाच असतो. लिटरभर पाण्याला अर्धा चमचा घालून बघायला हरकत नाही. जास्त घातला तर अंड्याला उग्र वास येतो. पाणी उकळतं असेल तर सोड्याची गरज पडत नाही, म्हणून मी घालत नाही.

रुंद टोकाला टाचणीने टोचल्याने फरक पडतो का?

सोलण्यात नाही. पोकळीतली हवा बाहेर जायला वाट मिळते, त्यामुळे रुंद टोकाला पडणारा खड्डा लहान होतो आणि तडकण्याचं प्रमाण थोडं घटतं. मात्र टाचणी स्वच्छ नसेल तर बाहेरची घाण आत जाते, आणि टोचताना सूक्ष्म चीर पडली तर तिथूनच अंडं फुटतं. अंडं एकसारखं गोल दिसायलाच हवं असेल तर टोचा, एरवी राहू द्या.

बर्फाचं पाणी खरंच लागतं?

सोलण्यात बर्फाच्या पाण्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा लहान आहे. गार पाण्यात सुरू केलेली अंडी नंतर कितीही बर्फात ठेवली तरी चिकटायची ती चिकटतातच. तरीही मी ही पायरी कधी सोडत नाही, कारण तिचे इतर फायदे मोठे आहेत. शिजणं जागच्या जागी थांबतं. पांढरा भाग घट्ट होतो, त्यामुळे सोलताना अंगठा आत रुतत नाही. बलकाभोवती हिरवट कडं धरत नाही. बर्फ नसेल तर नळाच्या गार पाण्यात ठेवा आणि पाणी कोमट झालं की बदला, असं दोन-तीनदा.

सोलायचं नेमकं कसं?

अंडं आधी रुंद टोकावर ओट्यावर आपटा. तिथे खाली पोकळी असल्याने टरफल आत दबतं आणि पांढऱ्या भागाला धक्का लागत नाही. मग अंडं आडवं करून हलक्या हाताने सगळीकडे टिचवत जा आणि तळव्याखाली एकदा फिरवा. टरफलभर बारीक चिरांचं जाळं दिसलं पाहिजे, पण तुकडे पापुद्र्याला धरून राहिले पाहिजेत. जोर जास्त झाला तर चिरा पांढऱ्या भागातही जातात.

आता रुंद टोकाकडचे दोन-तीन तुकडे काढा. खाली ओल्या टिश्यूपेपरसारखा पापुद्रा दिसेल. इथे घाई करू नका. टरफल काढलं आणि पापुद्रा तसाच राहिला, तर पुढचा प्रत्येक तुकडा वेगळा खरवडावा लागतो. पापुद्रा चिमटीत धरून फाडा आणि अंगठ्याची बाजू त्याच्या खाली सरकवा. नख नको, नखाने ओरखडे पडतात. पांढरा भाग तुळतुळीत आणि किंचित ओलसर लागला, की तुम्ही बरोबर थरात आहात. तिथून अंगठा गोल फिरवत नेला की टरफल पापुद्र्यासकट लांबच लांब पट्टीने सुटत जातं. हे सगळं नळाच्या बारीक धारेखाली किंवा पाण्याच्या वाडग्यात करा. पाणी फटीतून आत शिरतं, थर वेगळे करतं आणि बारीक कपच्याही धुऊन नेतं.

बरणीत थोडं पाणी आणि अंडं घालून हलवायची युक्ती चालते, पण पांढरा भाग फाटण्याचा धोका असतो. अंडी नंतर कुस्करायचीच असतील तर ठीक आहे.

सगळं करूनही एखादं चिकटलंच तर?

ओढू नका. पाण्यात बुडवून पाच मिनिटं ठेवा, मग लहान चमचा पालथा धरून पापुद्र्याखाली सरकवा आणि अंड्याच्या गोलाईने फिरवा. तेही जमलं नाही तर अंडं टरफलासकट धारदार सुरीने मधोमध कापा आणि चमच्याने दोन्ही अर्धे भाग उकरून काढा. कापलेल्या कडेला टरफलाच्या कपच्या राहतात, त्या पुसून घ्या.

बलकाभोवती हिरवट-करडं कडं का येतं? ते खावं का?

खायला हरकत नाही, ते निरुपद्रवी आहे. पांढऱ्या भागातल्या प्रथिनांत गंधक असतं. अंडं जास्त वेळ तापलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो आणि बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन फेरस सल्फाइड तयार होतं. त्याचाच तो रंग. जास्त उकडलेल्या अंड्याचा उग्र वासही या वायूचाच. अंडं जुनं असेल तर पांढरा भाग अधिक अल्कधर्मी असल्याने हा वायू जास्त निघतो. म्हणजे सोलायला सोपं असलेलं अंडंच हिरवं पडायला जास्त तयार असतं, म्हणून वेळ पाळा आणि अंडी लगेच गार करा.

बलक बरोबर मध्यभागी यावा म्हणून काय करावं?

अंडी ताजी असतील तर बहुधा आपोआप येतो. नसतील तर पाण्यात सोडल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं अंडी चमच्याने हळूहळू गोल फिरवत राहा.

तपकिरी अंडी सोलायला वेगळी असतात का?

नाही. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. त्याचा चिकटण्याशी संबंध नाही.

उकडलेलं आणि कच्चं अंडं मिसळलं तर कसं ओळखायचं?

ओट्यावर भिंगवा. उकडलेलं सफाईने फिरतं, कच्चं डगमगतं. फिरताना बोटाने क्षणभर थांबवून सोडलं, तर आतला द्रव फिरतच असल्याने कच्चं पुन्हा फिरायला लागतं.

मायक्रोवेव्हमध्ये उकडता येतं का?

नाही, आणि कृपा करून प्रयत्नही करू नका. आतलं पाणी बाहेर वाट न मिळता तापतं आणि अंडं फुटतं. टरफल काढलेलं उकडलेलं अंडं गरम करायला ठेवलं तरी हेच होऊ शकतं. कधी ते बाहेर काढून चावल्यावर फुटतं आणि तोंड भाजतं. गार अंडं परत गरम करायचं तर गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा.

उकडलेली अंडी किती दिवस टिकतात? सोलून ठेवावीत की न सोलता?

फ्रिजमध्ये, टरफलासकट, एक आठवडा. शक्यतो न सोलताच ठेवा. टरफल असलं की अंडं वाळत नाही आणि फ्रिजमधले वास धरत नाही. सोललेली ठेवायचीच असतील तर झाकणाच्या डब्यात, ओलसर कागदात गुंडाळून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं उकडलेलं अंडं खाऊ नये. बऱ्याच जणांना वाटतं की शिजवलेलं अंडं कच्च्यापेक्षा जास्त टिकतं, पण उलट आहे. उकडताना टरफलावरचं नैसर्गिक संरक्षक आवरण निघून जातं आणि जिवाणूंना छिद्रांतून आत जायला वाट मिळते.

बदकाच्या आणि लावीच्या अंड्यांचं काय?

पद्धत तीच, वेळ वेगळी. बदकाचं अंडं मोठं असतं, त्याला कडक व्हायला १४ ते १५ मिनिटं द्या. लावीच्या अंड्याला उकळत्या पाण्यात चार मिनिटं पुरतात. त्याचं टरफल नाजूक, पण आतला पापुद्रा चांगलाच चिवट असतो. म्हणून ते नुसतं टिचवून भागत नाही. सगळीकडून चिरा पाडून घ्यायच्या, रुंद टोकाकडे पापुद्रा फाडायचा आणि तो धरूनच टरफल ओढत काढायचं.